उजवीकडचं बटण

साक्षीदार गप्प झाला, तेव्हा तिने टेबलाखालच्या पट्टीवरचा पाय उचलला. ध्वनिफीत थांबली. साक्षीदार पाच सेकंदांहून जास्त गप्प राहिला तर तिथे ‘शांतता’ असं लिहायचं, हा कचेरीचा नियम. तो शब्द टाईप करून ती पुढे जाणार, तोच कॉम्प्युटर मध्येच बोलला. “आपण वापरत असलेल्या आवृत्तीचा आधार एकोणीस दिवसांनी संपेल. नवी आवृत्ती उपलब्ध आहे. आत्ता घ्या. नंतर आठवण करा. नको.” सगळं एकाच सुरात, जणू ‘नको’ हेही एखाद्या माणसाचं आडनाव असावं. तिने ‘नंतर’वर येऊन कळ दाबली. गेल्या दोन महिन्यांत सहा-सात वेळा दाबली असेल. पण आजपर्यंत त्याने दिवस मोजून दाखवले नव्हते. एकोणीस. तिने पट्टीवर पाय ठेवला. फितीतला वकील म्हणाला, “आधीच दिसला होता म्हणता. आधीच म्हणजे कधी?” पाण्याच्या टाकीला गेलेल्या तड्याचा खटला होता आणि साक्षीदार त्या टाकीचा राखणदार. तिने ‘कधी’पुढे प्रश्नचिन्ह टाकलं.

अकरा वर्षं ती या खोलीत बसून दुसऱ्यांचं बोलणं लिहून काढत होती. कोर्टातल्या सुनावण्यांच्या फिती यायच्या. कानाला एका बाजूने साक्षीदार, दुसऱ्या बाजूने कॉम्प्युटर. साक्षीदार बोलायचा, ती टाईप करायची, आणि टाईप केलेलं कॉम्प्युटर तिला वाचून दाखवायचा. पडद्यावर काय आहे ते तिला दिसत नव्हतं. दिसण्याची जागा त्या आवाजाने घेतली होती. कॉम्प्युटर चालवायला लिनक्स ही प्रणाली तिने घेतली ती यासाठीच: त्यातला वाचणारा आवाज कुणाची परवानगी न मागता चालायचा आणि तिला हवा तसा वाकायचा. आवाज काही देखणा नव्हता. पत्र्याच्या डब्यात तोंड घालून कुणी बोलावं तसा. ‘ज्ञानेंद्रिय’ म्हणताना अडखळायचा, ‘ऋण’ला दरवेळी नवं काहीतरी म्हणायचा, आणि वेग वाढवला की पाहुण्यांना वाटायचं यंत्र बिघडलंय. पण तिला त्यातलं अक्षरन् अक्षर कळायचं. घरात हा आवाज आणि ताईचा आवाज, दोनच. ताई म्हणजे तिची सख्खी थोरली बहीण; शाळेत भूगोल शिकवून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेली, लग्न न केलेली, आणि लग्न न केल्याबद्दल कुणी विचारलं की “वेळच झाला नाही बाई” असं हसून सांगणारी.

“परत काय म्हणतोय तो?” ताईने स्वयंपाकघरातून विचारलं.

“नवी आवृत्ती घ्या म्हणतोय.”

“मग घे की.”

“इतकं सोपं असतं का ते!”

“मग नको घेऊ,” ताई म्हणाली. तिला दोन्ही सारखंच होतं. तिच्या लेखी कॉम्प्युटर म्हणजे धाकट्या बहिणीचा एक तऱ्हेवाईक मित्र, ज्याच्याशी आपलं काही बोलणं नाही.

सोपं नव्हतं याचं कारण तिच्या अंगात होतं. पाच वर्षांपूर्वी अशीच एक नवी आवृत्ती आली होती आणि पहिल्याच आठवड्यात तिने उत्साहाने घेतली होती. मध्ये कुठेतरी यंत्राने काहीबाही विचारलं, तिने जुनंच ठेव म्हणून सांगितलं, मग ते बंद होऊन पुन्हा चालू झालं, आणि काहीच बोललं नाही. पंख्याची घरघर येत होती, कळफलक टकटक करत होता, म्हणजे यंत्र जिवंत होतं. पण तिच्यासाठी त्या टेबलावर नुसती एक भिंत उभी राहिली होती. चार दिवस. त्या चार दिवसांत तिने किती कळा दाबल्या असतील. मधूनच वाटायचं, आपण काहीतरी पुसून टाकतोय, कुणाची तरी साक्षच्या साक्ष नाहीशी करतोय, आणि आपल्याला कळतही नाही. ताई पडद्यापुढे बसून जे दिसेल ते वाचत होती, हिने फोनवर ते पुढे सांगायचं, तिकडून उत्तर यायचं. शेवटी कळलं ते इतकंच, की आवाज सबंध वेळ चालूच होता. फक्त तो स्पीकरकडे न जाता पडद्याकडे जात होता, आणि त्या पडद्याला आवाज काढायची सोयच नव्हती. चार दिवस तो बिचारा मुक्या तोंडाने बोलत बसला होता. हे ऐकून ताई हसत सुटली होती. तीही हसली, पण नंतर न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली, हे ताईला माहीत नव्हतं.

तेव्हा फोनवर जे होते ते ऑपरेटरकाका. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून तीस वर्षं काढलेले, जन्मापासून न दिसणारे, आणि आता दिवसभर लोकांच्या लिनक्सच्या अडचणी सोडवत बसणारे. ते राहायचे दुसऱ्या गावी. दोघांची प्रत्यक्ष भेट कधी झालीच नव्हती. दुपारी तिने त्यांना फोन लावला.

“तर एकोणीस दिवस,” ते म्हणाले. “माझं घेऊन झालं, महिना होऊन गेला.”

“आणि?”

“आणि काय? बोलतोय. आवाज बदललाय जरा. आधी भांडल्यासारखा बोलायचा, आता समजूत काढल्यासारखा बोलतो. मला आवडला नाही. पण सवय होते गं.”

“थांबले तर काय होईल काका? नाहीच घेतली तर?”

“विसाव्या दिवशी काहीच होणार नाही. एकविसाव्या दिवशीही नाही. दुरुस्त्या यायच्या बंद होतील, दार उघडं राहील एवढंच. आत कुणी येईलच असं नाही. मग एक दिवस एखादं पान उघडणार नाही. मग दुसरं. आपण म्हणतो, एवढंच ना. असं करत करत जातं.” ते थोडं खाकरले. “पहिल्या दिवशी उडी मारलीस म्हणून मागच्या वेळी पडलीस, हे खरं. म्हणून या वेळी शेवटच्या दिवसापर्यंत थांबायचं, हे कुठलं शहाणपण? नव्या आवृत्तीची पहिली दुरुस्ती येऊन गेली आहे. ज्यांना ठेचा लागायच्या त्यांना लागून झाल्या. आता घे. आणि या वेळी जुनं काही ठेवू नकोस. विचारलं की ‘बदला’ म्हण. मागे तू ‘ठेवा’ म्हणालीस, तिथेच सगळं फसलं.”

‘असं करत करत जातं’ हे ते कॉम्प्युटरबद्दल म्हणाले होते. पण फोन ठेवल्यावर ती बराच वेळ हात मांडीवर ठेवून बसली. तिची नजर तशीच गेली होती. काचबिंदू. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने खात येतो. चौतिसाव्या वर्षी ती एका छापखान्यात मुद्रितं तपासत होती, आणि ओळीच्या शेवटच्या चुका तिच्याकडून सुटायला लागल्या. आधी मालक रागावला, मग ती स्वतःवर रागावली, आणि मग डॉक्टर म्हणाले, डावा डोळा ताबडतोब करून घेऊ. ताबडतोब या शब्दात एक धाक असतो. चौथ्या दिवशी ऑपरेशन झालं, आणि त्यात जंतू शिरले. तीन आठवड्यांत डावा डोळा संपला. डॉक्टर चांगला माणूस होता, त्याचा आवाज फुटला होता हे सांगताना. म्हणून उजव्याच्या वेळी त्यांनी घाई केली नाही. थेंब घालून बघू. तीन महिने बघू. अजून सहा बघू. दीड वर्ष बघता बघता बघायचंच उरलं नाही. एका डोळ्याला घाईने नेलं आणि दुसऱ्याला थांबण्याने. लोक तिला म्हणायचे, “लवकर करायला हवं होतं,” आणि तेच लोक डाव्याबद्दल म्हणायचे, “थोडं थांबायला हवं होतं.” दोन्ही वेळा ते बरोबर होते. याचा राग कुणावर काढायचा हे तिला अजून समजलं नव्हतं. त्या दोन वर्षांतून तिच्याकडे शहाणपण काही आलं नाही. एक सवय तेवढी आली. कुठल्याही गोष्टीची वेळ ठरवायची आली की तिचा हात आपोआप ‘नंतर’कडे जायचा. नवी चप्पल, किडलेली दाढ, मामेबहिणीकडे जाणं, सगळं नंतर.

एकोणिसाचे चौदा झाले. राखणदाराची साक्ष संपली, एका ओव्हरसियरची सुरू झाली. मग कचेरीतल्या कारकून बाईंचा फोन आला. कारकून बाई बोलताना नेहमी काहीतरी चघळत असायच्या.

“मॅडम, एक तारखेपासून फिती उतरवायचं आपलं पान बदलतंय. जुन्या ब्राउजरवर उघडणार नाही म्हणे. तुमचं चालेल ना?”

“चालेल,” ती म्हणाली.

“नाही, म्हणजे तुम्हाला काही त्रास होणार असेल तर तुमच्या फिती आम्ही दुसरीकडे देऊ. तात्पुरत्या. तुम्ही आरामात करा.”

त्यांनी ते चांगल्या मनाने म्हटलं होतं. तिच्या कानांनी अकरा वर्षं माणसांचे आवाज तपासले होते. खोटं असतं तर लगेच कळलं असतं. म्हणूनच ते जास्त लागलं. आरामात करा. एकदा तात्पुरत्या गेलेल्या फिती परत येत नाहीत हे तिला कुणी सांगायला नको होतं. मग ही खोली, ही खुर्ची, ही पट्टी राहिली असती. आणि ती नुसती ताईची धाकटी बहीण झाली असती, सकाळी कुणीतरी खुर्चीत आणून बसवायची. तिने फोन ठेवला आणि स्वतःलाही जरा मोठ्याने ऐकू जाईल असं म्हटलं, “गुरुवारी.”

“काय गुरुवारी?” ताई म्हणाली.

“गुरुवारी दुपारी तू माझ्याशेजारी बसायचंस. मध्ये तो थोडा वेळ बोलणार नाही. तेव्हा तू वाचायचंस.”

“मागच्यासारखं? बापरे.” पण ताईचा सूर लगेच बदलला, कुणीतरी आपल्याला वर्गावर बोलावलं की शिक्षकांचा बदलतो तसा. “बसते की. मी काय, वाचून दाखवण्यातच जन्म गेला.”

गुरुवारी तिने ओव्हरसियर अर्ध्यात सोडून दिला. आधी सगळं काम बाहेरच्या डिस्कवर उतरवलं. डिस्क हातात घेतल्यावर कोमट लागली, तेव्हा तिला उगाच धीर आला. दुपारचे दोन वाजले होते. रस्त्यावर कुणीतरी लोखंडी शिडी ओढत नेत होतं. ताई पडद्यापुढे बसली, ती बाजूच्या स्टुलावर कळफलक मांडीवर घेऊन. “आपण वापरत असलेल्या आवृत्तीचा आधार बारा दिवसांनी संपेल,” आवाज म्हणाला, आणि या वेळी तिने ‘आत्ता’वर कळ दाबली. किती साधी कळ. कुठे काही तुटलं नाही. “फाईली उतरवत आहे,” आवाज म्हणाला. टक्के सांगू लागला. एकोणचाळीस म्हणाला, एकेचाळीस म्हणाला, आणि त्रेचाळिसाच्या ‘त्रे’वर थांबला. जुना आवाज तिथे संपला. तिला वाटलं होतं आपल्याला भीती वाटेल. पण आठवलं ते भलतंच, की हाच आवाज एकदा ‘ऋण’ला ‘रुणू’ म्हणाला होता आणि ती दिवसभर हसली होती. तिने ताईच्या खांद्यावर हात ठेवला.

“आता तू.”

“एक पट्टी सरकतेय. हिरवी. सरकतेय… सरकतेय… ही काय गं, मुंगीच्या पावलाने चाललीय.” ताई समालोचन करू लागली. वीस मिनिटं त्या दोघी अशा बसल्या. मग ताई म्हणाली, “थांब, काहीतरी आलं. एक चौकोन. ‘आवाजाच्या मांडणीच्या फाईलमध्ये आपण बदल केले आहेत. ती’… पुढे काही नाही. खाली, ‘बदल गमावाल’… एवढंच.”

“आणि बटणं?”

“एक आहे. ‘ठेवा.’ दाबू?”

“नको! दुसरं बघ. ‘बदला’ असेल. उजवीकडे.”

“नाही गं. एकच आहे.”

“ताई, दोन असतात.”

“असतील एरवी. आत्ता एकच आहे. उजवीकडे नुसतं पांढरं.” ताईच्या आवाजात जराशी धार आली. “मला दिसतंय ना.”

तिने बोटाने टॅबची कळ चाचपली, एका बटणावरून दुसऱ्यावर नेणारी. “‘ठेवा’भोवती एखादी निळी रेघ आहे?”

“आहे.”

तिने कळ दाबली. “आता?”

“आता गेली.”

“कुठे गेली?”

“गेली म्हणजे गेली. कुठेच नाही.”

पुन्हा दाबली. “आता आली,” ताई म्हणाली, “‘ठेवा’वर.” पुन्हा. “गेली.” चार वेळा तिने रेघ तिकडे पाठवली आणि चार वेळा ताईच्या जगातून ती नाहीशी झाली. तिचं बोट टॅबवरच थांबलं. वाक्यं ताई अर्धवट वाचत होती ते यंत्राने अर्धवट लिहिली होती म्हणून नव्हे. ओळींचे शेवट तिला दिसतच नव्हते. छापखान्यातला मालक मुद्रित तिच्यापुढे आपटून म्हणायचा, शेवटी शेवटी तुमचं लक्ष कुठे जातं हो? आणि तीही अशीच चिडून म्हणायची, मला दिसतंय ना. मग एकेक आवाज मागून येऊ लागला. सहा महिन्यांत फुटलेले तीन कप. दाराच्या चौकटीला खांदा लागल्याचा तो बोथट धप्प, आणि लगेच “काही नाही, काही नाही.” बंद झालेलं फिरायला जाणं, पाय मुरगळलाय म्हणाली होती, पण चालण्यात लंगडणं ऐकू आलं नव्हतं कधी. सगळं आपण ऐकलं होतं. माणसांचे आवाज तपासून घर चालवणारी आपण, आणि हे आपण लिहून घेतलंच नाही.

“ताई,” ती हळू म्हणाली, “मान उजवीकडे वळव. पूर्ण. खिडकीकडे बघितल्यासारखी.”

खुर्ची करकरली. “अगं हो की! आहे इथे. ‘बदला.’ निळी रेघही आहे.” आणि मग, जरा वेळाने, “हे आत्ता आलं का?”

“नाही. होतं.”

मांडीवरच्या कळफलकावर तिने एंटर दाबलं. मुंगीच्या पावलाची पट्टी पुन्हा सरकू लागली असावी. पण ताईने आता समालोचन केलं नाही. उरलेला अर्धा तास तिला मागच्या वेळच्या चार दिवसांपेक्षा मोठा वाटला. काय म्हणायचं? आज नको, आजचं एवढं पार पडू दे. उद्या, तिला जरा शांत बघून. ओव्हरसियरची साक्ष संपू दे, एक तारीख जाऊ दे. मनातल्या मनात तिचं बोट त्याच ओळखीच्या कळेकडे निघालं होतं, आणि तिला ते जाताना स्पष्ट कळत होतं. यंत्र एकदा बंद झालं. पंखा थांबला. पंखा सुरू झाला. “स्वागत आहे,” एक नवाच आवाज म्हणाला. गुळगुळीत, बाईचा की पुरुषाचा ते न कळणारा, समजूत काढणारा. “नवी आवृत्ती तयार आहे.”

“बोलला बाई एकदाचा!” ताई मोठ्याने म्हणाली, गरजेपेक्षा जास्त मोठ्याने, आणि उठू लागली. “चहा टाकते.”

“बस. तू डोळे शेवटचे कधी दाखवलेस?”

“मला काय झालंय?”

“ताई.”

“तुझ्याबरोबर,” ताई म्हणाली. “तुझ्या उजव्याच्या वेळी. डॉक्टर म्हणाले होते, सख्खी बहीण आहात, दरवर्षी येत जा.”

“म्हणजे बारा-तेरा वर्षं झाली.”

“त्या खुर्चीत बसायचं म्हटलं की मला तूच दिसायचीस तिथे.” ताईचा आवाज खाली गेला होता, शाळेत कधी गेला नसेल इतका. “आणि उजव्याचं ऑपरेशन लांबवू या असं मीच म्हणाले होते. तू तर हो-नाही करत होतीस. मी म्हणाले, घाई नको.”

“मलाही तेच हवं होतं. तू म्हणालीस म्हणून मला बोलावं लागलं नाही, एवढंच.”

“खरं?”

“खरं. डॉक्टरांनाही तेच हवं होतं. सगळ्यांनाच.”

ताईने पदराने की रुमालाने नाक पुसलं. “आणि समजा निघालं काही. मग तुझ्याकडे कोण बघणार? तेवढ्यासाठी म्हटलं, कळलंच नाही तर बरं. पुढच्या महिन्यात जाऊ या का? तुझं हे नवीन सुरळीत बसू दे आधी. तू अजून त्याच्यावर एक ओळसुद्धा टाईप केलेली नाहीस.”

खरंच केली नव्हती. टेबलाखालची पट्टी चालतेय की नाही तेही तिने पाहिलं नव्हतं. ऑपरेटरकाकांना कळवायचं होतं, ओव्हरसियर अर्ध्या वाक्यात खोळंबला होता. तिने फोन हातात घेतला आणि डोळ्यांच्या डॉक्टरांचा नंबर लावला. तिला तो अजून पाठ होता. पलीकडच्या मुलीने नाव विचारलं, नातं विचारलं, घरात आधी कुणाला काचबिंदू होता का विचारलं. “मला,” ती म्हणाली.

“कधीची वेळ देऊ? उद्या सकाळी दहाची आहे, नाहीतर संध्याकाळी सातची.”

तिने फोन छातीशी धरला. “उद्या. सकाळी की संध्याकाळी?”

खाली कुणीतरी गाडी लावत होतं. मागे, अजून मागे, बस, बस. मग खुर्ची जवळ सरकली आणि ताईने तिचं मनगट धरलं.

“सकाळची सांग,” ती म्हणाली. “संध्याकाळी मला पायऱ्या दिसत नाहीत.”